मदत हवी आहे : अण्णांचा पासपोर्ट हरवलाय, सोमवारी परतीचं विमान आहे

सावळजची_पोर (शनिवार, दुपारी)
लई अर्जंट आहे. अण्णा ग्रुपबरोबर व्हिएतनामला गेलेत. पासपोर्टची पिशवी गेली. सोमवारी रात्री विमान आहे. सांगलीच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून दुसरा काढून पाठवता येईल का? टूरवाला फोन उचलत नाही. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

कृष्णाकाठ
ताई, सांगलीतून काही होणार नाही. परदेशात कागद तिथलं आपलं कार्यालयच देतं. अण्णा नेमके कुठल्या शहरात आहेत? हनोईला आपला दूतावास आहे, हो ची मिन्ह सिटीत कॉन्सुलेट. दोन टोकांची शहरं आहेत ही. पोलिसांत नोंद केली का? झेरॉक्स आहे का?

सावळजची_पोर
शहराचं काय घेऊन बसलाय, पासपोर्ट सगळीकडं सारखाच ना? हो ची मिन्हला आहेत, हॉटेलवर. पिशवी टॅक्सीत राहिली. झेरॉक्स पिशवीतच होती.

मिरज_जंक्शन
परराष्ट्र मंत्रालयाला एक्सवर टॅग करा, बाकी सगळं सोडा. सुषमा स्वराज मंत्री होत्या तेव्हा लोकांची कामं ट्विटवर झाली. माझ्या भाच्याचंही तसंच झालं.

कृष्णाकाठ
टॅग करा, नको कोण म्हणतंय? पण ट्विट म्हणजे अर्ज नव्हे. कॉन्सुलेटच्या वेबसाइटवर इमर्जन्सी नंबर असतो, आधी तो लावा. शनिवार-रविवार काउंटर बंद असतं, नंबर त्यासाठीच ठेवलेला असतो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढं आहे, संध्याकाळची वाट बघू नका. तिथून दाद लागली नाही तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे तक्रारीचं पोर्टल आहे, 2015 पासून. तक्रारीला क्रमांक मिळतो, पुढं काय झालं ते बघता येतं.

मिरज_जंक्शन
पोर्टलवर क्रमांक मिळतो, माणूस मिळत नाही. मी अनुभवावरून बोलतोय.

तत्काळ_सल्ला
तत्काळमध्ये पासपोर्ट लवकर मिळतो. अपॉइंटमेंट घ्या आणि आधार, पॅन घेऊन जा.

कृष्णाकाठ
अहो, माणूस व्हिएतनामात आहे. अपॉइंटमेंटला कोण जाणार?

औंधकर
ताई, माझ्या मेहुण्यावर याच शहरात ही वेळ आली होती, म्हणून सविस्तर लिहितो. पासपोर्ट हरवला की कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं. ते फक्त भारतात परत यायला चालतं, एकदाच. त्यासाठी पोलिसांचा कागद, फोटो आणि आपण भारतीय असल्याचा पुरावा लागतो. पोलीस चौकीत हॉटेलच्या रिसेप्शनवरचं कुणीतरी सोबत न्या. मेहुणा एकटा गेला, भाषेचा मेळ बसेना आणि अख्खी दुपार गेली.

पण खरी अडचण त्यानंतर येते. ते सर्टिफिकेट हातात आलं म्हणून विमानात बसता येत नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असतो, म्हणून तिथल्या इमिग्रेशनकडून एक्झिट व्हिसा घ्यावा लागतो. त्याला कामकाजाचे काही दिवस जातात. सोमवारचं विमान धरून बसू नका. ग्रुपमधल्या एकाला अण्णांबरोबर थांबायला आत्ताच सांगा.

कृष्णाकाठ
औंधकर, आधी टॅक्सी शोधायला हवी. ताई, ग्रॅबची होती का? ॲपमध्ये त्या फेरीवर जाऊन हरवलेल्या वस्तूची नोंद करता येते. कॉन्सुलेटमध्ये हरवल्याचं लिहून दिलं की तो पासपोर्ट रद्द होतो, मग सापडला तरी उपयोग नाही.

औंधकर
मान्य, पण पोलिसांत नोंद केल्यानं पासपोर्ट रद्द होत नाही. ती आजच करा. टॅक्सीच्या भरवशावर शनिवार घालवू नका, सोमवारी सकाळी काउंटरला कागदासकट उभं राहता आलं पाहिजे.

बागायतदार_जत
ड्रॅगन फ्रूटच्या अभ्यास दौऱ्याला गेलेत का? बिन्ह थुआनमधल्या बागा बघितल्या का? रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ कसं काढतात ते विचारा, मला इकडं प्रयोग करायचाय.

वाईची_मावशी
दादा, बागेचं नंतर. बाळा, अण्णांना बीपी-शुगर काही आहे का? गोळ्या कुठं आहेत?

सावळजची_पोर
शुगर आहे. गोळ्या त्याच पिशवीत. मला सुचलंच नव्हतं हे विचारायचं, सकाळपासून पासपोर्टच डोक्यात.

वाईची_मावशी
मग पासपोर्टच्या आधी ते बघ. घरी जुनी पट्टी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी असेल. कंपनीचं नाव तिकडं कुणाला कळणार नाही. खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं, त्याचा फोटो पाठव. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर पॉलिसीवरच्या चोवीस तासांच्या नंबरला फोन कर, डॉक्टर कुठं दाखवायचा ते सांगतात. आणि अण्णांना वेळेवर जेवायला सांग. घाबरलेला माणूस जेवण टाळतो.

मिरज_जंक्शन
मावशींचं बरोबर आहे. आणि ट्विट केलं का?

सावळजची_पोर (शनिवार, संध्याकाळी)
इमर्जन्सी नंबर लागला. बाई हिंदीत नीट बोलल्या, सोमवारी सकाळी पोलिसांचा कागद आणि फोटो घेऊन या म्हणाल्या. टॅक्सी ग्रॅबची नव्हती. आमच्याच गावचे एक काका थांबायला तयार झालेत, ते आणि रिसेप्शनवरचा पोरगा अण्णांना घेऊन आत्ता चौकीत गेलेत. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठवला, मिळाल्या. पासपोर्टची कॉपी मात्र कुणाकडंच नाही.

औंधकर
ई-व्हिसाची पीडीएफ टूरवाल्यानं मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, त्यावर पासपोर्ट नंबर असतो. ती शोधा, प्रिंट काकांना काढायला सांगा. आणि नवं तिकीट थेट मुंबईचं घ्या. त्या सर्टिफिकेटवर मध्ये तिसऱ्या देशात विमान बदलायचं म्हटलं की एअरलाइन अडवू शकते.

सावळजची_पोर
पीडीएफ सापडली, काकांना पाठवली. थेट मुंबईचं बघते.