मदत हवी आहे: पित्तनलिकेतील खडा आणि कावीळ

माझ्या आईचे वय ६८ असून तिला मधुमेह आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते, म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे आढळले; पुढे डोळे पिवळे झाले आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) तपासणीत एक खडा मुख्य पित्तनलिकेत अडकल्याचे स्पष्ट झाले. आधी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केली जाणारी प्रक्रिया) करून तो खडा काढावा आणि नंतर दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे.

नातेवाईक मात्र काविळीचे गावठी औषध देण्याचा आग्रह धरत आहेत. विषाणूमुळे यकृताला सूज येऊन होणारी कावीळ पुष्कळदा आपोआप ओसरते, त्यामुळे अशा औषधांना श्रेय मिळते. येथे मात्र यकृतात तयार झालेल्या पित्ताची वाटच अडली आहे, आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप येऊन जीवावर बेतू शकते. हे मोठ्या मामांना न दुखावता कसे पटवावे?

आपल्यापैकी ज्यांच्या घरी या दोन्ही प्रक्रिया झाल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे की त्या एकाच वेळच्या भरतीत झाल्या की मध्ये अंतर ठेवले गेले, पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) बसवला असल्यास तो कधी काढला, आणि पित्ताशय काढल्यावर तेलातुपाचे पदार्थ कितपत सोसले. मधुमेही रुग्णांची जखम भरण्याबाबतचा अनुभव विशेष उपयोगी पडेल. उपचारांचा निर्णय आम्ही डॉक्टरांशी बोलूनच घेणार आहोत. त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, हेही अवश्य सुचवावे.