सागवानी झोपाळ्याच्या फळीवर बेल्ट सँडर चालवावा का, आणि चालवायचा असल्यास कसा?

कारेलीबागकर

आमच्या बडोद्याच्या घरी आजेसासऱ्यांच्या काळातील झोपाळ्याची सागवानी फळी आहे. दोन फळ्या सांधून केलेली ही बैठक साधारण 5 फूट लांब, 20 इंच रुंद आणि सव्वा इंच जाड आहे. वरच्या अंगावर जुन्या चपडी (लाखेच्या) पॉलिशचे थर आहेत व ते काही ठिकाणी काळपट आणि चिकट झाले आहेत. कड्या अडकवण्याच्या चारही भोकांभोवती काळे डाग पडले आहेत. आडवी सरळ पट्टी ठेवली असता मध्यभागी सुमारे 3 मिलिमीटर फट दिसते, म्हणजेच दोन्ही कडा वर आल्या आहेत. खालच्या अंगाला कोणीतरी कधीकाळी हिरवा ऑइलपेंट दिला होता.

आमचे मिस्त्री म्हणतात की बेल्ट सँडर (दोन रोलरांवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याने लाकूड घासणारे यंत्र) फिरवून ते दोन तासांत फळी कोरी करून देतील. दिरांकडे 75 मिलिमीटर रुंद पट्ट्याचे यंत्र आहे, त्यामुळे हे काम मी स्वतः शिकून करावे असे मला वाटते. मी ऑर्बिटल सँडर (बारीक वर्तुळांत हलून घासणारे हलके यंत्र) वापरला आहे. बेल्ट सँडर मात्र कधी हाती घेतलेला नाही. कोणत्या नंबरच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी, खड्डे पडू नयेत म्हणून काय करावे आणि गच्चीवर काम केल्यास धुळीची काळजी कितपत घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे. गणपतीपूर्वी झोपाळा पुन्हा टांगता आला तर बरे होईल.

पॅटर्नशॉप_मकरपुरा

ताई, मिस्त्रींचे दोन तासांचे आश्वासन खरे ठरू शकते, आणि काळजी करण्यासारखे तेच आहे. या यंत्राच्या पट्ट्याचा वेग मॉडेलनुसार मिनिटाला साधारण 200 ते 500 मीटर असतो. मिनिटाला 300 मीटर धरला तरी दर सेकंदाला 5 मीटर खरखरीत पट्टा लाकडावरून जातो, म्हणून ऑर्बिटलवर बसलेली सवय येथे उपयोगी पडत नाही. ऑर्बिटल एका जागी क्षणभर थांबला तर फारसे बिघडत नाही. बेल्ट सँडर थांबला तर तेथे पट्ट्याच्या रुंदीची खोलगट जागा तयार होते, आणि ती घालवण्यासाठी अख्खी फळी तेवढी खाली न्यावी लागते.

सर्वप्रथम चपडी काढून घ्या. चपडी उष्णतेने मऊ होते आणि घर्षणाने तापलेल्या पट्ट्याच्या कणांमध्ये भरते. मग पट्ट्यावर काळे चकचकीत चट्टे दिसू लागतात आणि असा पट्टा कापण्याऐवजी लाकूड करपवतो. स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ ठेवून थर मऊ करावा, पत्र्याच्या स्क्रेपरने खरवडावा, आणि स्पिरिट पूर्णपणे उडून गेल्याखेरीज यंत्राला हात लावू नये, कारण या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी ठिणग्या पडत असतात. त्यानंतर फळीवरून चुंबक फिरवून आणि बोटांनी चाचपून बारीक खिळे (चुका), तुटके स्क्रू शोधावेत. खिळ्याने पट्टा फाटतो हे तर आहेच, शिवाय लोखंडावर उडालेली ठिणगी बारीक भुशाने भरलेल्या पिशवीत जाते आणि तेथे ती बराच वेळ धुमसत राहू शकते.

पट्टा चढवताना प्लग काढलेला असावा. पट्ट्याच्या आतील बाजूस बाण छापलेला असल्यास तो यंत्रावरील बाणाच्या दिशेने बसवावा, अन्यथा सांधा उलटा घासला जाऊन उखडतो. पट्टा ताणून झाल्यावर यंत्र लाकडापासून दूर धरून थोडा थोडा वेळ सुरू करावे आणि बाजूचा स्क्रू फिरवत पट्ट्याची कड रोलरच्या कडेशी जुळवून घ्यावी. हे समायोजन न करता काम सुरू केल्यास पट्टा आत सरकून यंत्राचे अंग कापतो किंवा बाहेर निघून जातो. या यंत्रांच्या स्विचला बहुधा चालू स्थितीत अडकवून ठेवणारी कळ असते. ती अडकलेली असताना प्लग लावला तर यंत्र टेबलावरून धावत सुटते, म्हणून प्लग लावण्यापूर्वी स्विच मोकळा आहे हे दर वेळी पाहावे.

फळी बांधताना एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पट्ट्याची खालची बाजू पुढून मागे, म्हणजे आपल्याकडे धावते. त्यामुळे यंत्र पुढे ओढले जाते आणि फळी आपल्या पोटाकडे सरकते. आडकाठी लावायची ती आपल्या बाजूच्या टोकाला, आणि तिची जाडी फळीपेक्षा कमी असावी, म्हणजे यंत्र तिच्यावरून अडथळ्याविना जाईल. वायर खांद्यावरून मागे सोडावी. ओढणी, पदर, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस यांपैकी काहीही पट्ट्याजवळ जाणार नाही अशी व्यवस्था आधी करावी.

आता प्रत्यक्ष चालवणे. यंत्र हवेत सुरू करावे, पट्ट्याला पूर्ण वेग येऊ द्यावा आणि हात पुढे सरकत असतानाच मागची बाजू किंचित आधी टेकवत ते लाकडावर उतरवावे. उचलतानाही ते सरकत असतानाच उचलावे, बंद नंतर करावे, आणि पट्टा पूर्ण थांबल्यावरच खाली ठेवावे. वरून दाब देऊ नये. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते, आणि दाबल्याने वेग कमी होऊन पट्टा तापण्यापलीकडे काही साध्य होत नाही. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्या रुंदीवर चढवावा. फळीच्या टोकाशी तळपट्टीचा (पट्ट्याला आतून आधार देणाऱ्या सपाट पत्र्याचा) फार तर एक तृतीयांश भाग बाहेर जाऊ द्यावा. त्याहून अधिक गेला की यंत्र झुकते आणि टोक गोल पडते. टोकाला त्याच जाडीची रद्दी पट्टी जोडून घेतली तर ही भीती बरीच कमी होते, आणि आपल्यासाठी मी तोच मार्ग सुचवेन.

नंबर विचारला आहे, तर चपडी निघालेल्या सागवानासाठी 80 पासून सुरुवात पुरेशी आहे. 80 नंबरचा कण सरासरी 0.2 मिलिमीटरचा असतो आणि 40 नंबरचा 0.4 मिलिमीटरहून थोडा मोठा. 40 ने पाडलेले ओरखडे काढताना पुढचा अर्धा दिवस जातो. फळीवर पेन्सिलने सर्वत्र नागमोडी रेषा माराव्यात, म्हणजे कोठे घासले गेले आणि कोठे नाही हे दिसते. 80 नंतर 120, आणि तेथे बेल्ट सँडरचे काम संपले असे समजून 150 व 180 साठी आपला ऑर्बिटल घ्यावा. पट्टा भरल्यास क्रेप रबराची कांडी चालत्या पट्ट्याला लावली की बराच साफ होतो. जुन्या बुटाचा क्रेपचा तळही चालतो. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्याच्या विभागात) तोच वापरला जाई.

औद्योगिक_सुरक्षा

वरील काकांनी चालवण्याविषयी लिहिले त्यात भर घालण्यासारखे थोडेच आहे, परंतु त्या हिरव्या रंगाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षामागे 90 भागांवर मर्यादित करणारा नियम 2016 मध्ये निघाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे, विशेषतः हिरव्या आणि पिवळ्या छटांमध्ये. असा रंग बेल्ट सँडरने कोरडा घासल्यास शिसे बारीक धूळ होऊन गच्चीभर, कपड्यांवर आणि तेथून घरात पसरते. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हा धोका मुळीच पत्करू नये. खालचे अंग पेंट रिमूव्हरने मऊ करून ओलसर असतानाच खरवडावे, निघालेला रंग पिशवीत बांधावा, आणि त्या अंगाला सँडर शेवटपर्यंत लावू नये. त्या बाजूला कोणी पाहत नाही, थोडा रंग राहिला तरी काय बिघडते?

लाकडाच्या धुळीविषयी आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदवली. हा धोका मुख्यतः नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा असून वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत दिसून आला आहे. एका फळीने कोणाला कर्करोग होत नाही. परंतु सागवानाच्या धुळीने त्वचेला पुरळ आणि दमेकऱ्यांना त्रास होण्यास एक दुपारही पुरते. यंत्राच्या कापडी पिशवीत जाड भुसा अडकतो. फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ तिच्यातून बाहेर येते. म्हणून एन-95 किंवा एफएफपी-2 दर्जाचा मास्क नाकावर घट्ट बसवावा, रुमाल बांधून भागवू नये. व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडता आली तर उत्तम. काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. बाजूने बंद चष्मा आणि कानात बोळे किंवा इअरमफ हेही हवेतच, कारण या यंत्राचा आवाज बहुधा 85 डेसिबलच्या वर असतो. भुशाची पिशवी काम थांबताच, प्रत्येक वेळी, घराबाहेर रिकामी करावी.

गच्चीवर एक्स्टेन्शन वापरताना आपल्या घराच्या बोर्डात गळती प्रवाह तोडणारा आरसीसीबी आहे ना, हे पाहून घ्यावे. ओल्या गच्चीवर, विशेषतः पावसाळ्यात, त्याविना यंत्र चालवू नये.

रंधाप्रेमी

माझे मत थोडे निराळे आहे. ताईंच्या तीन अडचणींपैकी एकच बेल्ट सँडरची आहे.

भोकांभोवतीचे काळे डाग बहुधा लोखंडाचे आहेत. कड्या पितळी असल्या तरी आतील सळई किंवा वॉशर लोखंडी असतो, आणि लोखंड, ओल व लाकडातील टॅनिन (नैसर्गिक तुरट द्रव्य) एकत्र आले की काळा रंग तयार होतो. तो पृष्ठभागावर नसून आत मुरलेला असतो, त्यामुळे घासून काढायला गेल्यास भोकांभोवती चार खळगे पडतील आणि डाग तरीही शिल्लक राहील. त्यासाठी ऑक्झॅलिक अॅसिडचे पातळ द्रावण हातमोजे घालून ब्रशने लावावे, डाग फिका झाल्यावर भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुवावे आणि फळी सावलीत पूर्ण वाळू द्यावी. हे द्रव्य विषारी आहे. त्याचे स्फटिक लाकडावर राहिले आणि नंतर सँडर फिरवला तर ती धूळ नाका-घशाला झोंबते, म्हणून धुण्यात कसूर करू नये. पुन्हा टांगताना वॉशर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घालावेत.

दुसरी अडचण वाकलेल्या फळीची. बडोद्यात श्रावण-भाद्रपदात हवेत इतकी ओल असते की लाकूड आत्ता फुगलेले आहे. एका अंगाला ऑइलपेंट आणि दुसऱ्या अंगाचे पॉलिश झिजलेले, अशी फळी दोन्ही बाजूंनी सारखी ओल घेत नाही. तिच्या वाकण्याचे हेच एक कारण असू शकते. आज घासून सपाट केलेली फळी दिवाळीनंतर कोरडी हवा लागताच पुन्हा आकार बदलेल. त्यामुळे गणपतीचा मुहूर्त सोडून नवरात्रानंतर मोजमाप घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तेव्हाही 3 मिलिमीटर राहिले, तर वर आलेल्या कडांवर लाकडाच्या रेषेला आडवा किंवा तिरका धारदार रंधा मारून बहुतांश काम होते. धूळ उडत नाही आणि लाकूड किती निघाले हे सालपटांवरून कळते. रंध्याचा हात नसेल तर मात्र बेल्ट सँडर रेषेशी साधारण 45 अंशात दोन्ही दिशांनी, केवळ कडांवर फिरवावा आणि शेवटचे फेरे रेषेच्या दिशेने द्यावेत. बसण्याच्या फळीत मधोमध 1 मिलिमीटरची खोली राहिली तर ती बसणाऱ्याला जाणवणारही नाही, त्यासाठी चांगले सागवान भुशात घालवू नये.

जाता जाता एक सूचना. या यंत्राची गोडी लागली की माणूस घरातील प्रत्येक वस्तूकडे त्याच नजरेने पाहू लागतो. आपल्या भागात बहुतेक घरी संखेड्याचा पाळणा किंवा खुर्ची असते. त्या कातीव सागवानावरील लाखेच्या नक्षीला कोणताही सँडर लावू नये. व्हिनियर लावलेल्या प्लायलाही नाही, कारण वरचा थर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो आणि पहिल्याच फेऱ्यात खालचे प्लाय दिसू लागते.

कारेलीबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खालच्या अंगाला सँडर लावणार नाही आणि सपाटीचे काम नवरात्रानंतर घेईन. तोवर चपडी आणि डाग काढून ठेवते. एकच शंका उरते. दोन फळ्यांमधील सांध्यावर एक फळी दुसरीपेक्षा किंचित वर आहे, बोटाला जाणवेल इतकी. तेथे यंत्र कसे धरावे?

पॅटर्नशॉप_मकरपुरा

यंत्र सांध्यावर एका जागी धरू नये, नाहीतर सांध्यालगत लांबच लांब पन्हळ पडेल. उंच असलेल्या फळीवर, सांध्यापासून 4-5 इंच आतपर्यंतच्या भागात पेन्सिलच्या रेषा मारा. तेथे 80 नंबरने तिरके फेरे द्या, प्रत्येक फेरा सांधा ओलांडून दुसऱ्या फळीवर थोडा जाऊ द्या, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर यंत्र थांबवून सरळ पट्टी आडवी ठेवून पाहा. बोटाला फरक लागेनासा झाला की लगेच 120 वर जा आणि पूर्ण लांबीभर रेषेच्या दिशेने फिरवा. यंत्राला वेग कमी-जास्त करण्याची चकती असेल तर या कामासाठी ती सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवावी. आणि पहिले फेरे झोपाळ्यावर न देता एखाद्या रद्दी सागवानी तुकड्यावर, असाच उंच-सखल सांधा करून, देऊन पाहावेत. सलाटवाड्याकडील लाकडाच्या वखारीत असे तुकडे विचारले तर मिळायला हरकत नाही.