टॅली, जुनं फॉक्सप्रो आणि सचिवांच्या एक्सेल फाइली: पॉवर बीआयला एकत्र कसं जोडायचं?

संकलन_शाखा विचारते:

नमस्कार मंडळी. मी एका सहकारी दूध संघाच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि एक यूपीएस, जो आम्हा दोघांपेक्षा जास्त कुरकुरतो. मार्चमध्ये नवे एमडी साहेब आले. त्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात डॅशबोर्ड पाहिला आणि "आपलं सगळं दूध एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे" असा हुकूम सोडला. डॅशबोर्ड बनवायला मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय प्रोची तीन लायसन्स घेतली. बाकी सगळं आहे तेच.

आहे ते असं. दोन शीतकरण केंद्रांवर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला प्रोग्राम चालतो. तो लिहिणाऱ्या गृहस्थांना निवृत्त होऊनही जमाना झाला. मुख्य प्लांटवरचा वजनकाटा आणि लॅब एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये नोंद करतात. हिशेब टॅलीत. गावोगावच्या संस्थांचं संकलन सचिव पाठवतात. कुणी मेलवर सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल), कुणी एक्सेल, एकजण तर अजून स्क्रीनचा फोटो पाठवतो.

अडलेय ते चार ठिकाणी.

फॉक्सप्रोसाठी ओडीबीसीचा (एका प्रोग्रामला दुसऱ्याचा डेटा वाचू देणारी सोय) डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, बनवला. माझ्या एक्सेलला तो दिसतो. पॉवर बीआयला दिसतच नाही. त्याच मशीनवर, तोच डीएसएन!

दुसरं, माझ्या मशीनवर रिपोर्ट ताजा होतो, इंटरनेटवर पब्लिश केला की गेटवे (आमचा इथला डेटा पॉवर बीआयपर्यंत नेणारा प्रोग्राम) मागतो. नेटवर्कचं काम बघणारा मुलगा म्हणतो, राउटरवर एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ पोर्ट उघडून देतो, मग गेटवेची भानगडच नको. मला ते बरोबर वाटत नाही, पण का ते त्याला सांगता येत नाही.

तिसरं, टॅली. दिवसा चालतं, रात्रीचा रिफ्रेश हमखास पडतो. आणि टॅलीची क्वेरी एसक्यूएलच्या क्वेरीशी जोडली की 'फॉर्म्युला.फायरवॉल' म्हणून पिवळी पट्टी येते.

चौथं सगळ्यात वाईट. घाईघाईनं एका दिवसाचा रिपोर्ट साहेबांना दाखवला. संस्थांचं एकूण संकलन ३८,४६०. प्लांटवर पोचलेलं ३९,५९०. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ताई, आपला टँकर वाटेत दूध द्यायला लागला काय?"

सगळे शिपायापर्यंत हसले. कृपया मदत करा.

घाईत_आहे:

२०२० नंतर फॉक्सप्रो? फेकून द्या. सगळं क्लाउडवर न्या, डेटा लेक करा, एपीआय लावा. प्रश्न मिटला.

संकलन_शाखा:

फेकायला संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठरावाला बैठक लागते. बैठकीला रिपोर्ट लागतो.

निवृत्त_ईडीपी:

ताई, आधी चौथा प्रश्न घेतो, कारण त्यात तुमची अब्रू अडकलीय.

संस्थेत दूध मापानं घेतात, म्हणजे लिटरमध्ये. प्लांटवर टँकर काट्यावर चढतो, म्हणजे किलोत. दुधाची घनता साधारण १.०३ धरतात. ३८,४६० ला १.०३ नं गुणा, ३९,६१३.८ येतं. तुमचा काटा ३९,५९० म्हणतोय. म्हणजे दूध वाढलं नाहीच, उलट २४ किलो कमी आलं. तेवढं टँकरच्या भिंतीला आणि होजपाइपात राहतंच. दोन्ही टेबलांत रकान्याचं नाव 'क्यूटीवाय' (क्वांटिटी) असणार, पैज लावतो.

मी साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, २६ वर्षं काढली. तिथं शेतकी खातं एकरात बोलायचं, काटा टनात आणि मुकादम खेपेत. तिघंही खरं बोलायचे आणि महिनाअखेरीला तिघांचं भांडण माझ्या टेबलावर यायचं. म्हणून रकान्याच्या नावातच एकक लिहायचं: 'दूध_लिटर', 'दूध_किलो'. नुसतं 'क्यूटीवाय' दिसलं की आमच्याकडे ऑपरेटरला चहा पाजावा लागे.

आता फॉक्सप्रो. त्याचा ओडीबीसी ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, ओएलईडीबी या दुसऱ्या जोडणीवालासुद्धा. ६४ बिटचा कधी आलाच नाही आणि येणारही नाही, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. तुमचं ऑफिस ३२ बिटचं असणार, म्हणून एक्सेलला डीएसएन दिसतो. पॉवर बीआय ६४ बिटचं, त्याला ते दारच दिसत नाही. विंडोजनं यात आणखी गंमत केलीय. ओडीबीसीचे दोन ॲडमिनिस्ट्रेटर असतात, आणि 'सिस्टम३२' फोल्डरमधला ६४ बिटचा, 'सिसवॉव६४' मधला ३२ बिटचा. उलटं वाचलंत ना? मीही पहिल्यांदा दोनदा वाचलं होतं, आणि त्याआधी अख्खा शनिवार घालवला होता. गेटवेसुद्धा ६४ बिटचाच, त्यामुळे इकडून तिकडून जुगाड करून डेस्कटॉपवर चालवलंत तरी रात्रीचा रिफ्रेश पडणारच.

म्हणून माझं म्हणणं, जोडूच नका.

दूध तुम्ही प्रत्येक गोठ्यातून थेट पाउच मशीनला जोडता का? आधी बल्क कूलरला येतं, तिथं फॅट बघतात, वास बघतात, आंबलेलं कॅन परत पाठवतात, मग पुढं. रिपोर्टलाही तसा एक कूलर हवा. एसक्यूएल सर्व्हर तुमच्याकडे आहेच, त्यावर एक वेगळा डेटाबेस करा. वेगळं मशीन असेल तर एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, दुधाला पुष्कळ झाली. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो, तेव्हा वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावा. चारही ठिकाणचा माल आधी इथं उतरवायचा, इथं तपासायचा, आणि पॉवर बीआयनं फक्त याच एका दाराशी यायचं. मग तुमची ती फायरवॉलची पिवळी पट्टीही जाईल. दोन वेगळ्या स्रोतांचा माल एका क्वेरीत मिसळताना एकाची माहिती दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून ते अडवतं. स्रोत एकच उरला की अडवायचं काय?

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली उचलायला ड्रायव्हर लागत नाही. पायथनमध्ये डीबीएफरीड नावाची छोटी लायब्ररी आहे, ती फाइल सरळ वाचते. पण चालू फाइल वाचू नका. रात्री केंद्र बंद झाल्यावर आधी कॉपी करा, मग कॉपी वाचा. आणि एक जुनी खोड लक्षात ठेवा: फॉक्सप्रोत 'डिलीट' केलेली ओळ जात नाही. तिच्या डोक्यावर एक फुली पडते, आणि कुणी 'पॅक' करेपर्यंत ती फाइलमध्येच बसून राहते. डीबीएफरीड अशा ओळी आपणहून वगळते. दुसऱ्या कुठल्या साधनानं वाचलंत तर मेलेली माणसं मतदान करून जातील.

सभासदांची नावं मराठी असतील तर तीही बघा. जुन्या प्रोग्रामांत नाव युनिकोडमध्ये नसतं, एकतर इस्की (भारतीय लिप्यांचा जुना कोड) नाहीतर फॉन्टचा कोड. रिपोर्टात नावाच्या जागी कावळ्याचे पाय दिसतील. नावं बदलत बसू नका. सभासद क्रमांकावर जोडा आणि नाव नव्या यादीतून घ्या. आणि नवं टेबल करताना रकाना 'एनव्हारचार' ठेवा, साध्या 'व्हारचार'मध्ये मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

क्रमांकांवरून आठवलं. ००४५ ही संस्था एक्सेलमधून गेली की ४५ होते. पॉवर बीआयमधली डेटा आणणारी पॉवर क्वेरी फाइल उघडताच न विचारता 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी घालते, तिथंही तेच. ती पायरी पुसा आणि कोड मजकूर म्हणून ठेवा.

तारखा तर विचारूच नका. एखाद्या सचिवाचं मशीन अमेरिकन तारखेवर असतं. ०३/०४ म्हणजे आपलं ३ एप्रिल, त्याचं ४ मार्च. महिन्याचे बारा दिवस सगळं शांत दिसतं आणि तेराव्याला रडारड सुरू होते. खरं तर चूक पहिल्या दिवसापासूनच असते. प्रकार बदलताना 'यूझिंग लोकेल' वापरा, इंग्रजी-भारत निवडा.

टॅलीला रात्री उठवू नका. ते ओडीबीसीवर तेव्हाच उत्तर देतं जेव्हा प्रोग्राम चालू आणि कंपनी उघडलेली असते, साधारण ९००० पोर्टवर. तुमचे अकाउंटंट सहाला बंद करून घरी जातात, रिफ्रेश दोनला येतो, दार कोण उघडणार? त्याच पोर्टवर टॅली एक्सएमएलमध्येही माहिती देतं. संध्याकाळी पाच वाजता, अकाउंटंट जागेवर असताना, दिवसाची व्हाउचरं मागून घ्या आणि कूलरमध्ये टाका.

फोटो पाठवणाऱ्या सचिवाला मात्र माझ्याकडे औषध नाही.

रॅकमधला_उंदीर:

काकांनी बाकी सांगितलंच, मी फक्त पोर्टचं बोलतो. ताई, त्या मुलाला १४३३ बाहेर उघडू देऊ नका. तो पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास असतात, पहिल्या रात्रीच 'एसए' या मुख्य प्रशासक खात्यावर पासवर्ड आपटायला लागतील. गेटवेला आत येणारा एकही पोर्ट लागत नाही, मुद्दा तोच आहे. गेटवे आतून बाहेर फोन लावतो आणि लाइन धरून बसतो, पॉवर बीआय त्याच लाइनवर विचारतं. बाहेर जायला ४४३ मोकळा असला की बहुतेक ठिकाणी भागतं.

स्टँडर्ड मोडचा घ्या, पर्सनल नको. कायम चालू असणाऱ्या मशीनवर टाका, तुमच्या लॅपटॉपवर नाही. मी टाकला होता. साहेबांचा रिपोर्ट आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला थांबला, कारण लॅपटॉप बॅगेत आणि बॅग महाबळेश्वरला. डोमेन कंट्रोलरवरही (नेटवर्कवरची लॉगिनं सांभाळणारा सर्व्हर) टाकू नका. रिकव्हरी की विचारेल, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा, नाहीतर मशीन बदलताना सगळे स्रोत नव्यानं भरावे लागतील.

आणि सर्व्हरचं नाव डेस्कटॉपमध्ये जे लिहाल तेच अक्षरशः गेटवेमध्ये लिहा. एकीकडे आयपी आणि दुसरीकडे नाव असलं की दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

प्रो लायसन्सवर दिवसाला ८ वेळा रिफ्रेश ठरवता येतो. तुम्हाला दोनच पुरे, सकाळचं संकलन आटोपल्यावर एक, संध्याकाळचं आटोपल्यावर एक. लाइव्हच्या नादी लागू नका, दहा दिवसांचं बिल कुणी मिनिटाला बघत नाही.

लॅब_केमिस्ट:

सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, पण हे राहून जाईल म्हणून लिहितोय. डॅशबोर्डवर फॅटची सरळ सरासरी टाकू नका. ५०० किलो गायीचं दूध ३.५ फॅटचं आणि ५० किलो म्हशीचं ६.५ चं आलं, तर सॉफ्टवेअर खुशाल ५.० दाखवेल. किलो-फॅट काढा: १७.५ अधिक ३.२५, म्हणजे २०.७५. त्याला ५५० नं भागा आणि १०० नं गुणा, ३.७७ येतं. ५.० बघून तुमच्या चेअरमननी दर जाहीर केला तर संघ बसला.

शिवाय काही मशीन फॅट ३.५ ऐवजी ३५ असं पाठवतात, बिंदू न देता. १५ च्या वर आकडा दिसला की दहानं भागा, एवढं फॅट असलेली म्हैस अजून पाहिली नाही.

संकलन_शाखा, तीन आठवड्यांनी:

सगळ्यांचे आभार, लांबलं त्याबद्दल माफी. मधे बिलाचा हप्ता आला होता.

कूलर झाला. टेबलाचं नावही 'कूलर' ठेवलंय. काका, पैज तुम्ही जिंकलात, दोन्हीकडे 'क्यूटीवाय'च होतं. आता लिटर, किलो वेगळे लिहिले आणि १.०३ एकाच ठिकाणी ठेवला. फॉक्सप्रोच्या फाइलींत फुलीवाल्या ओळी निघाल्या. आमचा ऑपरेटर चुकलेली नोंद पुसून नवी घालायचा, आणि मी आधी वापरलेलं साधन दोन्ही मोजायचं. ००४५ ची भानगड तीन संस्थांत होती. त्यांचं दूध रिपोर्टात दिसतच नव्हतं, आणि सचिवांना ते माझ्याआधी माहीत होतं. कुणी बोललं नाही.

गेटवे प्लांटच्या सर्व्हरवर आहे, रिकव्हरी की कपाटात आहे, पोर्ट बंद आहे. नेटवर्कवाला दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. टॅलीचं पाचला ठरवलं, पण शनिवारी अकाउंटंट चारलाच जातात, तो दिवस अजून कोरा येतो. फोटोवाल्या सचिवांच्या पोरीला सीएसव्ही काढायला शिकवलं. ती आठवीत आहे, तीच पाठवते.

काल साहेबांनी रिपोर्ट पाहिला. किलो किलोशी जुळलं, फॅट जुळलं. खूश झाले. मग खाली बोट ठेवून म्हणाले, "आणि हे २४ किलो रोज कुठं जातं?"

निवृत्त_ईडीपी:

ड्रायव्हरला होजपाइप शेवटी जरा उंच धरायला सांगा. १५ होईल.