एलीयाला आधी भाकर मिळाली

ताई, ‘संकटाने धीर निर्माण होतो’ हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं वचन रोज वाचूनही बळ येत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला बायबलमधलाच 1 राजे या पुस्तकाचा अध्याय 19 सुचवावासा वाटतो.

कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलीच्या धमकीने जीव घेऊन पळतो. बैर-शेबाच्या पुढे रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, देवा, माझा प्राण घे’ असं म्हणतो आणि झोपी जातो. देव त्याला रागावत नाही. देवदूत येतो तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या घेऊन. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो : खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. होरेब डोंगरापर्यंतची 40 दिवसांची वाट त्यानंतर सुरू होते.

आईच्या आजारपणात रात्र-रात्र जागताना मला प्रार्थनेचे शब्दच सुचत नसत. तेव्हा याच अध्यायाने मला तारलं. विश्वास कमी पडला म्हणून थकवा आला, असं मी तोवर मानत होते. तुम्ही आज नीट जेवलात का? थोडं झोपून घ्या. रोमकरांस पत्र उद्या वाचता येईल.