रोजच्या दुपारच्या जेवणाला अनलिमिटेड थाळी म्हणजे तोट्याचा सौदा. पटतंय का?

बाणेरचा_बाबू
आमच्या ऑफिसात दुपारी एक वाजला की रोज तोच घोळ, कुठं जायचं कुठं जायचं, आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, चला थाळीला, अनलिमिटेड आहे, पैसे वसूल. माझं म्हणणं, कसले वसूल? थाळी 320, वर 5 टक्के जीएसटी, झाले 336. आपण दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं, तीन पोळ्यांत गार होतो. मग वसुलीच्या नादात दोन जिलब्या, वर बासुंदी, आणि अडीचच्या मीटिंगला कॅमेरा बंद करून डुलक्या.

त्याच रस्त्यावर पाच मिनिटं पुढं गेलं की राईसप्लेट मिळते 120 ला. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, मूदभर भात, कोशिंबीर, ताक. एक्स्ट्रा पोळी 12. महिन्याचे वीस दिवस धरा, फरक सव्वाचार हजारांच्या वर जातो, तेवढ्यात माझं लाइटबिल आणि वायफाय भरून उरतं.

बरं स्वस्त म्हणजे कुठंही जेवायचं असं नाही. माझी पारख सांगतो. बारा ते दोनमध्ये तिथं कोण जेवतंय ते बघायचं, रिक्षावाले, बँकेतले कर्मचारी, कुरिअरची पोरं रोज येत असतील तर जेवण ताजं असतं, कारण ही मंडळी एकदा पोट बिघडलं की परत येत नाहीत. दुसरं, फळ्यावर आजची भाजी एकच लिहिलेली असावी. जिथं एकाच किचनमध्ये पंजाबी, चायनीज आणि पावभाजी तिन्ही मिळतं तिथं दुपारची थाळी मी कधीच घेत नाही.

सातारी_खवय्या
अजिबात पटलं नाही. तुम्ही तीन पोळ्यांत गार होता हा तुमचा प्रॉब्लेम आहे, थाळीचा नाही. मी गोडाऊनला असतो, सकाळपासून उभा, माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, परत चढवायचा, मला मूदभर भात म्हणजे चटणीसारखा लागतो. आणि ज्या दिवशी थाळी हाणतो त्या रात्री घरी फक्त दूधभात. म्हणजे 336 भागिले दोन करा की, दोन वेळचं जेवण निघतंय. ते डुलक्यांचं मात्र खरंय.

आईचा_डबा
दोघंही चुकताय. डबा न्या. पोळी-भाजीला घरी कितीसा खर्च येतो, 40 रुपये? चर्चा संपली.

सहाचा_अलार्म
@आईचा_डबा नाव वाचूनच कळलं की तो डबा तुम्ही भरत नाही. 40 रुपयात कणीक, तेल, गॅस, भाजी सगळं येईलही, पण पावणेसहाला उठून कुकर लावणारं, रात्री अकराला गवार मोडत बसणारं कोण, त्याचे किती धरलेत? आमच्याकडे नवरा आणि मी दोघं नोकरीला. मी हिशोब केला आणि सरळ पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायला लागले, भाजी फक्त घरची. महिन्याला पैसे जास्त जातात, हो जातात, पण सकाळचा पाऊण तास माझा मला मिळतो. डबा स्वस्त असतो कारण घरातली कोणीतरी फुकट राबत असते, एवढंच.

दादर_फास्ट
वरच्या ताईंना प्लस वन. मुंबईत हे फार जुनं आहे. गिरणगावात हजारो कामगार गावाकडे बायकामुलं ठेवून एकटे राहायचे, त्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकाच होत्या, आणि माल भरायला त्या सावकाराकडून चढ्या व्याजानं पैसे उचलायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते ह्याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तेव्हा घरगुती जेवण स्वस्त का पडतं ह्याचं उत्तर मुंबईला पन्नास वर्षांपूर्वी माहीत होतं.

मूळ वादावर म्हणाल तर ज्याला जे हवं ते द्या ना. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी आहे, 1942 पासूनचं, तिथं लिमिटेड प्लेटपण मिळते आणि केळीच्या पानावर अनलिमिटेडपण. ऑफिसवाला प्लेट घेऊन वीस मिनिटांत बाहेर, आणि रविवारी सहकुटुंब आलेले पानावर बसून रसम-भात ओरपतात. भांडण कशाला? आमच्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) मात्र दोन्ही नाही, काचेच्या बिल्डिंगमधल्या फूड कोर्टात नुसता डोसा खाऊन उठलं तरी खिसा हलका होतो.

मेसवाल्या_ताई
मी स्वतः मेस चालवते, पुण्यातच, म्हणून लिहिते. बाबू तुमची ती 120 ची राईसप्लेट देणारा माणूस कसा टिकून आहे हे मला बघायचंय. पोळ्या लाटायला ज्या मावशी येतात त्यांचे पैसे रोखीत रोजच्या रोज. कमर्शियल सिलिंडर 19 किलोचा, घरगुती वापरला तर गुन्हा, आणि त्याचा भाव एक तारखेला काय होईल ते देव जाणे. टोमॅटो, कांदा ह्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. तेल वाढलं म्हणून पाच रुपये वाढवले की जुनी गिऱ्हाईकं तोंड पाडतात, तीच लोकं संध्याकाळी दोनशेची कॉफी पितात.

आकडा हवा तर घ्या. 2020 मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली ती गिऱ्हाईकाला 10 रुपयांना, पण शहरात सरकार वर 40 अनुदान देणार, म्हणजे थाळीचा दर 50 धरलेला. त्यात काय तर दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. बस. कोशिंबीर नाही ताक नाही. आणि पुढं अनुदान थकलं म्हणून शिवभोजन केंद्र चालवणारे किती रडले ते पेपरात वाचलंच असेल सगळ्यांनी.

आता अनलिमिटेडचं आतलं सांगते. गिऱ्हाईक जास्त खातं म्हणून नाही हो तोटा होत, टाकतं म्हणून होतो. मी सुरुवातीला अनलिमिटेड ठेवलं होतं. दोन वाजता ताटं मोरीत यायची तर कढीत भिजलेला भाताचा ढीग, अर्धा चावलेला गुलाबजाम, न मोडलेली पोळी, ते सगळं बादलीत. ते गिऱ्हाईकाच्याच खिशातून जातं शेवटी, भावात चढतं. आणि थाळीवाले काय खुळे नाहीत, बघा नीट, बसल्या बसल्या आधी ढोकळा, मग कटलेट, मग गोड, मग ताकाचा ग्लास, पोळी यायच्या आधीच तुमचं निम्मं पोट भरलेलं. फुलके तळहाताएवढे आणि वाढपी पनीरच्या भाजीचा फेरा दर वेळी विसरतो, बटाट्याचा कधी विसरत नाही.

एमपीएससी_सदाशिव
ताई, बाकी सगळं पटलं पण लिमिटेड आमच्या वयाला चालत नाही. आमच्याकडं पेठेत चांगला मधला मार्ग आहे, भाजी लिमिटेड, पोळ्या चार, आणि आमटी-भात पाहिजे तेवढा. महिन्याचे दोन वेळचे 3400 भरतो, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, त्या रात्री सगळ्या रूमवर मॅगी. आधीच्या मेसमध्ये भाजीचं नाव काहीही असो, आत बटाटाच असायचा आणि रस्सा असा पातळ की ताटाची नक्षी दिसायची. सोडली. वाद घालणाऱ्यांनी एकदा अभ्यासिकेतून सात तासांनी उठून बघा, तेव्हा कळतं भाताला का मोजमाप नको ते.

जीएसटी_काका
पैसे वाचवायची चर्चा चाललीय तर बिल वाचायला शिका, कुणी वाचत नाही. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. ज्याची उलाढाल 20 लाखांच्या आत त्याला नोंदणीच लागत नाही, आणि जो दीड कोटीपर्यंतच्या कॉम्पोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) आहे त्यानं टॅक्स स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही. म्हणजे राईसप्लेटवाल्यानं जीएसटी लावला नाही तर तो चोरच असेल असं समजू नका, आणि दुसऱ्या कुणी लावला असेल तर बिलावर त्याचा जीएसटी नंबर आहे का बघा.

सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानंही त्या सूचना उचलून धरल्या. काढा म्हणायचं, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका, एमआरपीपेक्षा जास्त घ्यायला सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये हॉटेलांना मोकळीक दिलेली आहे. साधं पाणी मागा, जगभर तेच पितात.

आईचा_डबा
@सहाचा_अलार्म मी एकटा राहतो आणि स्वतः बनवतो, नाव आईनं दिलेल्या डब्यावरून आहे, स्टीलचा चार पुडांचा.

सहाचा_अलार्म
@आईचा_डबा मग तुमचा वेळ तुम्हीच धरला नाहीत, तेही चुकीचंच :)

बाणेरचा_बाबू
@मेसवाल्या_ताई बादलीचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की! टाकलेल्याचे पैसे मी का भरू? पण 120 कमी आहेत म्हणताय ते ऐकलं. मालक स्वतः गल्ल्यावर, बायको आत, जागा घरची, म्हणून जमत असावं. भाडं असतं तर 150 नक्की लावले असते, आणि मी 150 पण दिले असते.

@सातारी_खवय्या तुम्ही या शुक्रवारी. पाच एक्स्ट्रा पोळ्या खा, 60 झाले, 180 मध्ये आठ पोळ्या. थाळीत आठ फुलके खाऊन दाखवता का ढोकळ्यानंतर?

सातारी_खवय्या
पोळ्या कोरड्या खाऊ का? एक्स्ट्रा भाजी वाटी किती ते लिहिलं नाहीस भावा मुद्दाम.

बाणेरचा_बाबू
40.

सातारी_खवय्या
झालं मग. दोन वाट्या 80, तुझे 180, 260 झाले. गोड नाही, पापड नाही, दुसऱ्यांदा कढी नाही. 76 रुपयांसाठी कोण वाटी मोजत बसतं. शुक्रवारी येतो, पण बिल तू भरायचं.

मेसवाल्या_ताई
एक्स्ट्रा वाटी 40 ला? मी 25 ला देते. लिमिटेडमध्येपण बघून जेवा बाबांनो.