शून्य परिकल्पनेचा 'स्वीकार' म्हणजे नेमकं काय?

खडूफळा: एम.एड.चा लघुप्रबंध चालू आहे. सातवीच्या दोन तुकड्या, 30-30 मुलं. एकीला अपूर्णांक कागदाच्या घड्या घालून शिकवले, दुसरीला नेहमीसारखे फळ्यावर. दोघींच्या सरासरी गुणांतला फरक तपासणारं टी-मूल्य आलं 1.42. तक्त्यात 58 स्वाधीनता मात्रेला (60 मुलं वजा 2 गट) 0.05 स्तरावर (फरक नसताना चुकून 'आहे' म्हणण्याची शक्यता 5 टक्के) किमान 2.00 हवं, म्हणजे माझं कमी पडलं. शून्य परिकल्पना होती, दोन्ही पद्धतींत फरक नाही. सर म्हणाले, 'लिहा, शून्य परिकल्पनेचा स्वीकार.' म्हणजे घड्या फुकट हे सिद्ध झालं का? आणि गृहीतक नि परिकल्पना एकच ना?

घाटावरची_सून: नाही हो, सिद्ध कसलं! आमच्या सासूबाईंचा दावा आहे की चहा गाईच्या दुधाचा की म्हशीच्या, हे त्यांना एका घोटात कळतं. शून्य परिकल्पना काय, तर कळत नाही, नुसता अंदाज. चार कप गाईच्या, चार म्हशीच्या दुधाचे केले. पावडर, साखर, उकळी सारखी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि कप नेणाऱ्या नवऱ्यालाही सांगितला नाही, कारण त्याचा चेहरा त्याच्या आईला वाचता येतो.

त्यांनी गाईच्या दुधाचे चार ओळखायचे. आठांतून चार कप 70 प्रकारे निवडता येतात. चारही बरोबर असा प्रकार एकच, म्हणजे शक्यता 0.014. ते जमलं असतं तर मी हात जोडले असते. पण त्यांचे तीनच जुळले. डोळे झाकून निवडले तरी तीन किंवा चार जुळण्याची शक्यता 70 पैकी 17, जवळपास 0.24, म्हणजे 0.05 पेक्षा बरीच जास्त. एवढ्यावर शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही. पण त्यांना कळतच नाही, असं म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. (घरात तर अजिबातच नाही.) त्यांच्या मते चौथा कप निवला होता.

आकडेमोड्या: हा प्रयोग मूळ संख्याशास्त्रज्ञ फिशरचा. 1920च्या दशकात, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात. तिथे वाद होता कपात आधी दूध की आधी चहा, असा.

'स्वीकार' न लिहिता 'त्याग करता आला नाही' लिहा. गृहीतक आपण न तपासता धरून चालतो, उदा. दोन्ही तुकड्यांची आधीची तयारी सारखी होती. परिकल्पना तपासायची असते. निवलेला कप म्हणजे बाह्य चल, आपण तपासत नसलेली पण निकाल बदलू शकणारी गोष्ट. तुमच्याकडे असं काही होतं का?

खडूफळा: घड्यांच्या तुकडीचा तास शेवटचा असायचा. दप्तरं भरून, घंटेकडे कान.

घाटावरची_सून: निवला की हो कप!