पायटेस्टमधे पॅरामेट्राइज करताना केस कुठल्या घ्यायच्या?

होटगीरोडकर
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलवाल्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर करतोय, जीएसटीच्या फंक्शनला पायटेस्टमधे (पायथनचं टेस्टिंग टूल) टेस्ट लिहायच्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० पर्यंत ५ टक्के, त्यावर १८. त्याआधीच्या बिलांना १००० पर्यंत ५, वर १२. सध्या एका टेस्टमधे फॉर लूप आहे, एक केस पडली की पुढच्या चालतच नाहीत. पॅरामेट्राइज करायचंय, म्हणजे यादीतली प्रत्येक केस वेगळी टेस्ट म्हणून चालेल, पण केस किती घ्यायच्या, आणि निगेटिव्ह किंमतही त्याच यादीत टाकायची का?

सातरस्ता
कडा घे बे, म्हणजे जिथं रेट बदलतो तिथले आकडे, मधले नको. २५०० आणि २५००.०१, जुन्याला १००० आणि १०००.०१. ७००, ८००, ९०० तिन्ही एकाच वाटेनं जातात, त्यातनं नवीन काहीच कळत नाही. तारखेलापण कड आहे, १५०० ची चादर २१ ला १२ टक्के आणि २२ ला ५, तर २६०० ची १२ वरून १८. ह्या चार ओळी लई कामाच्या आहेत.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपेक्षित रेट हातानं लिही. किमतीचं एक आणि तारखेचं एक असे दोन पॅरामेट्राइज एकावर एक लावलेस तर पायटेस्ट सगळ्या जोड्या करतं, मग प्रत्येक जोडीचं उत्तर काढायला टेस्टमधेच इफ-एल्स लिहावं लागतं, म्हणजे मूळ कोडचीच नक्कल झाली की. मूळ कोड चुकला तर टेस्टपण तशीच चुकणार आणि हिरवी, म्हणजे पास झालेली दिसणार.

विडी_घरकुल
वरच्याशी सहमत. निगेटिव्हसाठी वेगळी टेस्ट कर, पायटेस्ट डॉट रेझेस वापरून (एरर आला तरच ती पास होते), तिलाही स्वतःची यादी दे. एकत्र केलंस तर 'एरर यायला पाहिजे का' असा जादा कॉलम येतो आणि मागनं इफ आलाच.
प्रत्येक ओळीला पायटेस्ट डॉट परममधे आयडी पण दे, 'जुना नियम, १००० च्या एक पैसा वर' असा, फक्त इंग्रजी अक्षरांत. आम्ही जावात जेयुनिट ५ ह्या टेस्टिंग टूलवर सीएसव्हीसोर्स वापरतो, ती पण केसची यादीच, तिथंपण वर्णनाचा एक कॉलम ठेवतो. रात्री बिल्ड पडला की नुसतं नाव वाचून कळतं कुठं बघायचं.

होटगीरोडकर
भारी, धन्यवाद दोघांना. कर्नाटकातला, विजापूरचा व्यापारी असला की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, तो कॉलम ह्याच यादीत घेऊ का?

सातरस्ता
नको. रेट ठरवणं वेगळं आणि तो सीजीएसटी-एसजीएसटीत (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) वाटायचा का आयजीएसटी लावायचा हे वेगळं. दोन फंक्शन, दोन याद्या. आणि किमती डेसिमलमधेच दे, फ्लोट नको, त्यात दशांश अपूर्णांक नेमके बसत नाहीत आणि हा पैशाचा हिशोब आहे.